कडक भाकरीचं आईस्क्रीम

मंगळवारी दुपारी अप्पा दुकानाला कुलूप लावून घरी आले. हातपाय धुऊन जेवायला बसले. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात घातला, चावला आणि परत हातावर काढला. तुकड्याला रक्त लागलं होतं. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी विचारलं, "भाकरी लागली व्हय गालाला?" अप्पा म्हणाले, "व्हय."

मी तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. घागर घेऊन हौदाकडे निघाले होते, म्हणून हे माझ्यासमोर झालं. अक्का उठल्या, तांब्यात मीठपाणी करून आणलं. अप्पांनी चूळ भरली, बाकीची भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली आणि दुकानाकडे परत गेले. आजार त्याच्या आधीच सुरू झाला असणार. पण मला आजारापेक्षा ते 'व्हय'च जास्त आठवतं. पुढं जे झालं ते त्या शब्दाला धरून झालं.

माकणीच्या शाळेत मराठी शिकवायला मी आले ती लातूरहून, दोन ट्रंका पुस्तकं घेऊन. ट्रंका उतरवताना घरमालक म्हणून जे गृहस्थ समोर आले त्यांनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, पगारही विचारला नाही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी, आणि पहिला प्रश्न असा की मी गोंधळून गेले.

"बाई, दात कसे हायत?"

"बरे आहेत," मी म्हणाले.

"मग काय काळजी न्हाई. ऱ्हावा हिथं."

मल्लिनाथअप्पा सगळ्यांना हाच प्रश्न विचारायचे. लोक एकमेकांना 'काय चाललंय' म्हणतात, तसं हे 'दात कसे हायत'. दुकानात मीठ-मिरची न्यायला आलेल्या म्हातारीला विचारायचे, पोलीस पाटलाला विचारायचे, माझे वडील मला भेटायला आले तेव्हा त्यांनाही विचारलं. वडिलांची कवळी होती. अप्पांच्या चेहऱ्यावर इतकं खरं दुःख उमटलं की वडिलांनी पुढे कित्येकदा ती गोष्ट सांगून स्वतःचीच थट्टा केली.

दातांची ही चौकशी कशासाठी, ते मला पहिल्या उन्हाळ्यात कळलं. अप्पांकडे हातानं फिरवायचा आईस्क्रीमचा पॉट होता. बाहेर लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, वर फिरवायचा दांडा. डब्याभोवती बर्फाचे तुकडे आणि खडेमीठ यांचे थर भरायचे आणि दांडा फिरवत बसायचं. हा पॉट अप्पांच्या वडिलांनी हैदराबादेहून आणला होता म्हणे. भूकंपात जुन्या घराच्या भिंती बसल्या, तेव्हा तो मातीखालून जसाच्या तसा निघाला होता. "आमी दोघं अखंड निघालो," अप्पा म्हणायचे, "म्या आन् ह्यो. फरक येवढाच, ह्यो आजून थंड हाय."

दूध ते आटवायचे, त्यात भूमचा खवा घालायचे, वेलची घालायचे. इथपर्यंत कुणीही करील. पण अप्पांच्या आईस्क्रीममध्ये कडक भाकरी असायची. अक्कांचं माहेर आळंदच्या बाजूचं, घरात अर्धी भाषा कानडी. तिकडची बाजरीची कडक भाकरी, तीळ लावलेली, पापडासारखी पातळ, चुलीच्या धगीला उभी करून वाळवलेली. महिना महिना टिकते. त्या भाकरीचा अप्पा हातानं भरड चुरा करायचे, तुपात परतायचे, गुळाचा पाक करून त्यात शेंगदाण्याच्या कुटाबरोबर तो ओतायचे, आणि तेल लावलेल्या परातीत थापायचे. गार झालं की बत्त्यानं फोडायचं. काचेसारखे तुकडे व्हायचे. आईस्क्रीम घट्ट झालं, दांडा हाताला जड लागायला लागला, की मगच झाकण काढून हे तुकडे आत मिसळायचे. त्याच्या आधी नाही. आधी घातले तर मऊ पडतात, आणि मऊ पडलेल्या तुकड्याबद्दल अप्पांचं मत एखाद्या चारित्र्यहीन माणसाबद्दल असावं तसं होतं.

पहिल्यांदा माझ्या हातात वाटी आली तेव्हा मी त्यात भाकरी आहे हे ऐकून थांबले होते. शेजारी रज्जाकभाई बसले होते. लोहाऱ्याची टमटम चालवायचे, बर्फ तेच आणायचे. ते म्हणाले, "खाव बाई, खाव. अप्पा अब्बी भाकर डालरे. अगले साल पिठलं डालेंगे."

"तुला पिठलंच देतो पुढल्या साली," अप्पा म्हणाले. "मऊ गोड काय, लग्नात बी मिळतं. गोडाला आवाज पायजे."

तो आवाज त्यांना ऐकायचा असायचा. सगळ्यांना वाट्या दिल्या की ते स्वतः खात नसत. पायरीच्या वरच्या टोकाला, दाराच्या चौकटीला टेकून बसायचे, मान थोडी डावीकडे कलती, डोळे मिटलेले. खाली पायरीवर दहा-पंधरा माणसं कुरकुर करत खात असायची. मध्येच डोळे न उघडता म्हणायचे, "नागनाथ, तुजा तुकडा मऊ लागला का रं?" आणि गल्लीतला नागनाथ खरोखरच तुकडा चघळत बसलेला असायचा. अक्का आतून हाक द्यायच्या, "तिन्री, तिन्री." खा, खा. त्यांना वाटायचं लोक लाजतात. लाजत कुणीच नव्हतं.

नियम एकच होता. आईस्क्रीम घरी न्यायचं नाही. पायरीवर बसूनच खायचं. घरी पोचेपर्यंत कुरकुर मरते, हे कारण. डबा घेऊन आलेल्याला अप्पा डब्यासकट परत पाठवायचे. त्यामुळे ज्याला खायचं त्याला पायरीवर यावं लागायचं, आणि पायरी एकच होती. बांधावरून कोर्टात गेलेले दोघे सख्खे भाऊ, एकमेकांचं तोंड न बघणारे, एका वर्षी एकाच दिवशी आले. मागे फिरायला दोघांचाही अभिमान आड आला. पायरीच्या दोन टोकांना बसले. धाकटा काहीतरी कुजकं बोलला. थोरल्यानं वाटी खाली ठेवली.

अप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "आदी तोंडातलं संपवा. दोन आवाज येकदम काढायचे न्हाईत."

धाकटा हसला. थोरला हसला नाही, पण त्यानं वाटी परत उचलली. भाऊ त्यामुळे एक झाले असं नाही. खटला चालूच राहिला. पण दर उन्हाळ्यात दोघे यायचे आणि दोन टोकांना बसून खायचे.

आता त्या मिठाच्या पोत्याबद्दल सांगायला हवं.

दुकानाच्या मागच्या खोलीत, दाराआड, खडेमिठाचं एक पोतं कायम उभं असायचं. गुरांसाठी, लोणच्यासाठी लोक न्यायचे, आणि उन्हाळ्यात आईस्क्रीमला लागायचं. एकदा साखर घ्यायला गेले, तर पुढे कुणी नव्हतं. मागं डोकावले. अप्पांनी कोपरापर्यंत हात पोत्यात घातला होता. हात वर आला तेव्हा त्यात रबर लावलेली प्लास्टिकची पिशवी होती. आत तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. त्यांनी मला पाहिलं. पकडलं गेल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर होती, पण हसूही होतं.

"बाई, अक्काला बोलू नगा."

मी म्हणाले, "मी कशाला बोलू. पण तुम्ही मिठात का ठेवता?"

"तिच्या हाताला चिरा हायत. भाकऱ्या थापून थापून. मीठ झोंबतं तिला, पोत्यात हात घालीत न्हाई ती."

मग, तंबाखू मळता मळता, त्यांनी बाकीचंही सांगितलं. अक्कांचे वडील तंबाखू खायचे. म्हातारपणी अंथरुणातूनच थुंकायचे, आणि ते सगळं अक्का आणि त्यांची आई पुसायच्या. लग्न ठरताना अक्कांनी एवढंच मागितलं होतं. दागिना नाही, साडी नाही. नवऱ्यानं तंबाखू खायची नाही. अप्पांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शब्द दिला होता. दुकान सुरू झालं, दुपारी गिऱ्हाईक नसायचं, समोरच्यानं चिमूट पुढं केली. मग ते सुटलंच नाही. घरी यायच्या आधी चूळ भरून ते लवंग चघळायचे. "नीलव्वा म्हणती, तुमच्या तोंडाला लवंगीचा वास किती छान येतो," ते अक्कांचं नाव घेऊन म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत.

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. रज्जाकभाईंना होतं, नागनाथला होतं, पुण्यात नोकरीला असलेल्या महेशला, त्यांच्या मुलालाही होतं. फक्त अक्कांना नव्हतं. गावात असं एखादं गुपित असतं, ते एका माणसापासून लपवण्यात सगळं गाव प्रेमानं सामील असतं. वाईट वाटत नाही कुणाला.

त्या मंगळवारनंतर अप्पांच्या गालाच्या आतला व्रण भरला नाही. आमच्याकडे तोंड आलं की उष्णता झाली म्हणतात. अप्पाही तेच म्हणाले, शेजारच्यांनी तेच म्हटलं. सब्जा भिजवला, गुलकंद आणला, दह्यात साखर घालून झाली. मग अक्कांना वाटलं, उष्णतेला आईस्क्रीमसारखं थंड दुसरं काय? दिवाळी झाली होती, हवेत गारठा होता, तरी पॉट निघाला. अक्का रोज थोडं आईस्क्रीम करायला लागल्या. दांडा त्याच फिरवायच्या. मीठ मात्र अप्पाच काढून द्यायचे. अप्पा व्रणावर तो गार घास धरून बसायचे आणि म्हणायचे, "आता बरं वाटतं बघ." बरं वाटतही असेल, घटकाभर. थंडीनं जागा बधिर व्हायची. असा हिवाळा गेला. शिमग्याच्या सुमारास त्यांचं तोंड दोन बोटांएवढंही उघडेना, तेव्हा महेशनं येऊन त्यांना सोलापूरला नेलं.

मीही बरोबर गेले होते, कारण अक्कांना दवाखान्याची भीती होती आणि बाई बरोबर असल्या की डॉक्टर नीट बोलतात असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी बॅटरीनं तोंडात पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवून विचारलं, "तंबाखू किती वर्षांपासून?"

अक्का शेजारी उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घेतलेला, हातात अप्पांची टोपी.

अप्पांनी मान हलवली. न्हाई.

"गुटखा? सुपारी?"

न्हाई.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. महेश खाली बघत होता. डॉक्टरांनी पुढं काही न विचारता कागदावर लिहायला घेतलं. अक्का म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, त्यांनी सुपारी बी खाल्ली न्हाई कदी. कडक भाकरी लागली व्हती गालाला. त्येच्यानं व्हतं का असं?"

डॉक्टर थकलेले होते, बाहेर रांग होती. ते म्हणाले, "जखम सतत घासली गेली तर होऊ शकतं कधी कधी." त्यांच्या दृष्टीनं ते खोटं नव्हतं.

परतताना गाडीत, नळदुर्ग मागे पडल्यावर अक्का म्हणाल्या, "कडक भाकरी करायलाच नगं व्हती." अप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मान वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी फडताळातली दुरडी काढली. कडक भाकऱ्यांची चवड होती तिच्यात. ती त्यांनी घमेल्यात ओतली, वर पाणी घातलं, भिजू दिली आणि गाईपुढं नेऊन ठेवली. गाय खाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी कडक भाकरी केली नाही. कुणी आजारपणाची चौकशी करायला आलं की त्या स्वतःहून सांगायच्या, "माझ्याच हातानं झालं." सांगताना रडायच्या नाहीत. हात पुढं करून दाखवायच्या, जसं काही त्या हातांवर ते लिहिलेलं आहे.

मला ते सहन होईना. दुकानात गेले. अप्पांचं बोलणं तेव्हा अस्पष्ट झालं होतं, पण कळायचं.

"अप्पा, अक्कांना सांगा. त्या स्वतःला दोष देताहेत. नाहीतर मी सांगते."

"तुमी न्हाई." त्यांनी हात वर केला. "म्या सांगतो. आईस्क्रीम करू तवा सांगतो. पायरीवर, समद्यांसमोर. येकटीला सांगायची माझी छाती न्हाई, बाई."

"समद्यांसमोर सोपं जाईल?"

"समदे असले की ती मला मारणार न्हाई," ते म्हणाले. गाल सुजलेला होता, हसू एकाच बाजूनं आलं. मग म्हणाले, "चैत लागू द्या. बर्फ आणायला सांगतो रज्जाकला."

चैत्र लागायच्या आत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी थांबू दिलं नाही. जबड्याचा एक भाग काढला, जिभेचाही काढला. अप्पा घरी आले ते नाकात नळी घेऊन. घशातून आवाज यायचा, शब्द यायचा नाही. महेशनं पाटी आणि पेन्सिल आणून दिली. अप्पा लिहायचे: पाणी, पंखा, दुकान कोण बघतंय. अक्कांना वाचता येत नव्हतं. पाटीवर जे असेल ते महेश वाचून दाखवायचा, तो नसला की मी. मला वाटायचं, आज लिहितील. पेन्सिल हातात घेऊन ते अक्कांकडे बघत बसायचे, मग महेशकडे, मग लिहायचे, 'उशी'. मुलाच्या तोंडून बायकोला हे वाचून दाखवायला लावणं त्यांना जमत नसावं. माझ्या तोंडूनही. मी पाटी नुसती हातात धरून उभी राहायचे.

वैशाखात त्यांनी एक दिवस पाटीवर लिहिलं, 'आईस्क्रीम'. खाली लिहिलं, 'सगळ्यांना बोलवा.'

रज्जाकभाईंनी बर्फाची लादी आणली, भुशात गुंडाळून. मीठ दुकानातून आलं. दूध अक्कांनी आटवलं. अप्पांनी पाटी पुढं केली. महेशनं वाचलं, "अव्वा, भाकरी कर म्हणतात."

"न्हाई," अक्का म्हणाल्या.

अप्पांनी पाटीवरच्या शब्दाखाली रेघ ओढली.

"त्या भाकरीचं नाव काढू नगा. एकदा केलं तेवढं पुरं झालं. साकु." साकु म्हणजे पुरे. इतका मोठा आवाज मी अक्कांचा कधी ऐकला नव्हता. अप्पांनी पाटी पुसली.

दांडा रज्जाकभाईंनी फिरवला, मग नागनाथनं. पायरी भरली. ते दोघे भाऊही आले आणि आपापल्या टोकांना बसले. वाट्या वाटल्या. दाराच्या चौकटीला टेकून अप्पांना बसवलं होतं, जबड्याभोवती उपरणं गुंडाळलेलं. त्यांनी सवयीनं मान डावीकडे कलती केली आणि डोळे मिटले.

पायरीवर आवाज नव्हता. चमचे वाटीला लागत होते, तेवढाच. मऊ, गोड, खव्याचं आईस्क्रीम लोक गिळत होते. एरवी कुणी ना कुणी थट्टा केली असती. रज्जाकभाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. धाकट्या भावानं वाटी अर्धी ठेवून दिली. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले, बराच वेळ, जणू उशीर झाला असेल पण सुरू होईल.

मग त्यांनी डोळे उघडले आणि अक्कांना हातानं जवळ बोलावलं. अक्का येऊन गुडघ्यांवर बसल्या. अप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. घशातून आवाज काढला. पुन्हा काढला. तो काय होता ते मला कळलं, रज्जाकभाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली. अक्कांना कळलं नाही. लाळ उपरण्यावर आली. अक्कांनी पदरानं ती पुसली.

"उगं ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "बोलू नगा. दुखंल."

अप्पांनी त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं दुकानाच्या बाजूला खूण केली. अक्का म्हणाल्या, "दुकान नागनाथ बघतोय. काळजी करू नगा." थोड्या वेळानं अप्पांनी मनगट सोडलं. मी त्यांना असं शेवटचं नीट पाहिलं. चौकटीला टेकलेले, खाली रिकाम्या वाट्या, आणि अक्का त्यांच्या हनुवटीखाली पदर धरून बसलेल्या.

श्रावणात ते गेले.

त्यांच्यात दहन करत नाहीत. शेतात, बांधाजवळ, खड्डा घेतला होता. त्यात अप्पांना मांडी घालून बसवलं. कपाळावर विभूती, हातात लिंग. स्वामींनी मंत्र म्हटले. मग बेल, विभूती आणि मीठ घालायचं असतं. देहाभोवती मीठ भरतात, खांद्यापर्यंत. मीठ कमी पडू नये म्हणून महेशनं सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीतलं पोतंच आणायला सांगितलं होतं. त्याच्या मनात दुसरं काही आलं नसणार. बाप गेलेल्या माणसाच्या मनात पोत्याचं काय येणार?

त्यांच्यात बायकाही जातात. मी अक्कांच्या शेजारी उभी होते. पोतं तोंड उघडून खड्ड्याच्या काठाला ठेवलं होतं. नातेवाइकांनी एकेक ओंजळ घातली, आणि मग अक्कांना पुढं केलं. त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि दोन्ही हात पोत्यात घातले.

चिरा पडलेले हात. त्यांचा श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. मग हात आतच थांबले. त्या काही चाचपत होत्या. मला कळलं काय लागलं असेल ते.

अक्कांनी ओंजळ वर काढली. मिठाच्या ढिगात पिशवीचा कोपरा होता, आणि पिशवीतून डबीचं झाकण दिसत होतं. त्यांनी ते पाहिलं. मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, त्या बाजूला मीच होते. मग त्यांनी अंगठ्यानं मीठ ओढून पिशवी झाकली. खड्ड्यात वाकल्या, इतक्या की महेशनं घाबरून खांदे धरले. त्यांनी ती ओंजळ अप्पांच्या मांडीजवळ अगदी खाली नेऊन रिकामी केली, ओतली नाही, ठेवली. वर दुसरी ओंजळ घातली. तिसरी घातली.

"अव्वा, साकु," महेश म्हणाला.

"अजून येक," त्या म्हणाल्या.

परतताना त्यांचे दोन्ही तळवे लाल झाले होते. त्यांनी ते धुतले नाहीत.

दिवस झाले तरी माणसं येत होती. बार्शीकडची एक नणंद आली, गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून विचारलं, "कशानं गं झालं हे वैनी? माझा दादा तर सुपारीचं खांड तोंडात घालीत नव्हता."

अक्का म्हणाल्या, "माझ्या भाकरीनं. कडक भाकरी लागली गालाला. त्येच्यानं."

नणंद मागं सरकली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मला दिसलं, आणि अक्कांनाही दिसलं असणार. पुढं ती नणंद घरी आलेली नाही.

ती गेल्यावर आम्ही दोघीच होतो. अक्का तांदूळ निवडत होत्या. मी म्हणाले, "अक्का, मी त्या दिवशी पाहिलं."

"ठाव हाय मला. तुमी माझ्या उजव्या अंगाला व्हता."

"मग असं का सांगता? तुमची भाकरी नव्हती ती. तुम्हाला आता माहीत आहे."

त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

"बाई, लिंगावर हात ठिवून शबूद दिला व्हता त्यांनी. आता त्यो मोडला म्हणून गावाला सांगत फिरू का?"

"गावाला आधीच ठाऊक आहे, अक्का."

"असंल. गावाला ठाव असलं म्हणून म्या सांगायचं असं न्हाई." मग म्हणाल्या, "भाकरीनं झालं म्हणलं तर दोष मला लागतो. लागू द्या. म्या जित्ती हाय, मला सोसतंय. त्यांना आता सोसायला अंग कुठं हाय?"

त्या पुढं म्हणाल्या, "आन् म्या इचारलं व्हतं त्यांना, भाकरी लागली व्हय म्हणून. तुमी बी व्हता तिथं, घागर घिऊन. ते व्हय म्हणले. माझ्या माणसानं व्हय म्हणलं, त्येच्यापुढं म्या जात न्हाई."

नंतर माझी बदली तेरला झाली. सुट्टीत मी एक-दोनदा माकणीला जाते. दुकान आता नागनाथ चालवतो. मागच्या खोलीत नवीन मिठाचं पोतं असतं, गिऱ्हाइकांपुरतं. पॉट त्याच खोलीत आहे. पाणी नसल्यानं लाकूड वाळून फळ्यांमध्ये फटी पडल्या आहेत. आता बर्फ घातला तर गळेल. दोघा भावांपैकी थोरला वारला.

अक्का मऊ भाकरी करतात, तीही दुधात भिजवून खातात. त्यांचे दात अजून चांगले आहेत.